खांबाची खूण

इंग्रजीत ‘सिग्निफाय’ असं एक क्रियापद आहे. शब्दकोशात त्याच्यापुढे ‘अर्थ असणे’, ‘दर्शवणे’, ‘सूचित करणे’ असे प्रतिशब्द सापडतात. त्याचं लॅटिन मूळ फोडलं की साधीच गोष्ट हाती लागते. ‘सिग्नम’ म्हणजे खूण, आणि पुढे ‘करणे’. खूण करणे! आपण मराठीत ‘खूण पटली’ म्हणतो, तेव्हा खूण करणाऱ्याइतकाच ती ओळखणाराही महत्त्वाचा असतो. इंग्रजी क्रियापदात हा दुसरा माणूस दिसत नाही.

तो पाहायचा तर अहिल्यानगर जिल्ह्यात, प्रवरेकाठच्या नेवाशाला जावं. तिथे ‘पैसाचा खांब’ आहे. याच खांबाला टेकून ज्ञानेश्वरांनी गीतेचं निरूपण केलं आणि सच्चिदानंदबाबांनी ते लिहून घेतलं, अशी परंपरा. साल शके १२१२, म्हणजे इ.स. १२९०. ग्रंथाचं नाव ‘भावार्थदीपिका’, भावार्थावर उजेड पाडणारी दिवटी. नवखा माणूस खांबाचं नाव ऐकून ‘कुणाच्या पैशाचा?’ असं विचारतो. पण हा पैस म्हणजे विस्तार, ‘ऐसपैस’मधला. दुर्गाबाई भागवतांनी आपल्या ललितलेखसंग्रहाला ‘पैस’ हेच नाव दिलं.

या खांबावर एक लेख कोरलेला आहे. त्यात ज्ञानेश्वरांचं नाव नाही, गीतेचंही नाही. करवीरेश्वराच्या देवळातल्या अखंड दिव्याच्या तेलासाठी दिलेल्या दानाची ती नोंद आहे. अक्षरांचा अर्थ तेवढाच. ते जुनं देऊळ आता नाही, त्यातला दिवाही नाही. वारकरी मात्र खांबापुढे माथा टेकवतो, तेव्हा त्याच्या मनात तेलाचा हिशेब नसतो. सुमारे नऊ हजार ओव्यांचा ग्रंथ असतो.

कोरणाऱ्याने एक खूण केली, लोकांना दुसरीच पटली. चूक कुणाचीच नाही. आणि नीट पाहिलं तर दोन्ही अर्थ दिव्यापाशीच येऊन थांबतात.

शब्दांचंही असंच. कोशातला अर्थ कोरीव लेखासारखा जागच्या जागी असतो. तेल मात्र बोलणाऱ्यालाच घालावं लागतं. ‘पैस’ हा शब्द आज एकदा तरी तोंडी येऊ द्या.