नगण्य

गिरणीवर दळण नेण्याचे खाते आमच्या घरात माझ्याकडे आहे. लग्नाला वीस वर्षे झाली, पण या खात्यातून माझी बदली काही झालेली नाही. स्कूटरच्या पायाशी डबे ठेवायचे, गिरणीत जायचे आणि घरून मिळालेला हुकूम पोपटासारखा म्हणून दाखवायचा : "गहू बारीक, डाळ रवाळ, भाजणी जरा जाडसर." घरी आल्यावर सौ. चिमूटभर पीठ अंगठा आणि तर्जनीत चोळते आणि निकाल देते, "जाड आलंय." या निकालावर अपील नाही.

मागच्या दिवाळीत हा निकाल लागत असताना माझा भाचा घरी आला होता. तो एका औषधांच्या कारखान्यात पावडरीच्या कणांचे आकारमान मोजतो. दिवसभर एवढेच करतो आणि त्याबद्दल त्याला पगार मिळतो. मी बी. कॉम. असल्यामुळे मला विज्ञानाबद्दल फार आदर आहे. तो मी दुरूनच बाळगतो. पण भाचा मामीवर बेहद्द खूष झाला. म्हणाला, "मामा, मामीचं बोट म्हणजे मशीन आहे. आम्ही एवढंच काम लाखो रुपये खर्चून करतो."

मग त्याने मला चकल्या खाता खाता शिकवले. मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे मायक्रॉन. आपला केस साधारण सत्तर मायक्रॉन जाड. (माझ्याकडे नमुन्यादाखल फारसे उरलेले नाहीत, म्हणून त्याने मामीचा घेतला.) इंचाला दोनशे तारा असलेल्या चाळणीतून पंचाहत्तर मायक्रॉनपर्यंतचा कण खाली पडतो. त्याहून पुष्कळच बारीक असेल तर चाळणीचे चालत नाही. मग कण पाण्यात सोडून तो तळाशी बसायला किती वेळ घेतो ते पाहायचे. त्याचा नियम स्टोक्स नावाच्या गणितज्ञाने १८५१ साली मांडला : व्यास दुप्पट, तर बुडण्याचा वेग चौपट. हल्ली लेसरचा झोत टाकतात. कण जितका लहान, तितका उजेड जास्त फाकतो.

"पण कण काही गोल नसतो," मी शंका काढली. "त्याचा व्यास कुठला घेणार?"

"बरोबर! म्हणून आम्ही म्हणतो, हा कण अमुक व्यासाच्या गोळीसारखा वागतो. चपट्या कणाचा आकडा चाळणीत एक येतो, पाण्यात दुसरा येतो. आणि दोन्ही खरे असतात."

हे मला लगेच पटले. आमच्या बँकेत वर्षाच्या शेवटी मूल्यमापनाचा फॉर्म असतो. कोणी लांबट, कोणी तिरका, कोणी सगळ्या बाजूंनी टोचणारा. पण साहेब प्रत्येकाची गोळी वळून एक आकडा देतात. माझाही व्यास साहेबांच्या चाळणीत एक येतो आणि घरच्या पाण्यात दुसरा.

"मामा, खरा घोळ पुढेच आहे," भाचा म्हणाला. "सरासरी काढायची, तर कण मोजून काढायची की तोलून?"

मला काही समजले नाही. तेव्हा त्याने माझ्याच भाषेत सांगितले. समजा, शाखेत एक हजार खाती आहेत. नऊशे नव्व्याण्णव खात्यांत प्रत्येकी शंभर रुपये आणि एका खात्यात दहा लाख. सरासरी निघते अकराशे रुपये, आणि अकराशे रुपये असलेला माणूस अख्ख्या शाखेत एकही नाही! डोकी मोजली, तर ही शंभर रुपयेवाल्यांची बँक. रुपये तोलले, तर दर शंभरातले जवळजवळ एक्क्याण्णव त्या एकट्याचे. कणांचेही तसेच. व्यास दहापट झाला की वजन हजारपट होते. म्हणून वजनाच्या हिशेबात एक मोठा कण हजार लहानांना झाकून टाकतो.

"मग तुम्ही काय करता? मोजता की तोलता?"

"विचारणाऱ्याला काय हवंय त्यावर आहे. गोळीत औषध किती गेलं हे हवं असेल तर तोलतो."

तेवढ्यात आतून आईच्या पंपाचा फस्स असा आवाज आला. आईला दमा आहे. भाचा हळू आवाजात म्हणाला, "आजीच्या पंपातला कण साधारण एक ते पाच मायक्रॉनचा लागतो. मोठा असला तर घशातच आदळतो, आत पोचत नाही." धुळीचेही तेच. जाड धूळ नाकाघशात अडते, बारीक धूळ फुप्फुसाच्या टोकापर्यंत जाते. आपल्याकडे २००९ च्या मानकाप्रमाणे अडीच मायक्रॉनपर्यंतची धूळ चोवीस तासांच्या सरासरीने घनमीटरला साठ मायक्रोग्रॅमपर्यंत चालते. म्हणजे तीही तोललेलीच. एका मायक्रॉनच्या दहाव्या हिश्शाएवढे कण शहराच्या हवेत संख्येने सर्वांत जास्त, पण एक मायक्रॉनच्या एका कणाइतके वजन भरायला ते हजार लागतात. तराजूला ते जवळजवळ दिसतच नाहीत. छातीला दिसतात.

त्या रात्री मला झोप लागली नाही. चकल्या जास्त झाल्या होत्या हे खरे, पण एक म्हातारबाईही डोळ्यांपुढे येत होत्या.

त्या माझ्या काउंटरवर येत. खात्यात पेन्शन जमा होई तेवढेच. एकदा पासबुकावर बोट ठेवून त्यांनी विचारले, "हे सतरा रुपये सत्तर पैसे कशाचे कापले?"

"एसएमएसचे, आजी. किरकोळ आहेत."

"माझ्याकडे मोबाइल नाही."

मी म्हटले, उद्या या. उद्या म्हटले, सोमवारी या. सोमवारी माझ्या खिडकीवर रांग होती आणि मला आपण फार उदार आहोत असे वाटत होते. मी खिशातून वीसची नोट काढून पुढे सरकवली. त्यांनी ती परत सरकवली. म्हणाल्या, "तुझे नकोत, बाळ. माझे हवेत. त्यात पाव लिटर दूध येतं."

त्याच संध्याकाळी माझ्या रोकडीत दहा रुपये कमी आले. आम्ही तिघे साडेसातपर्यंत बसलो. गठ्ठे तीनदा मोजले, टेबलाखाली वाकून पाहिले. दहा रुपये! त्यांना किरकोळ म्हणायची कोणाची छाती झाली नाही, कारण ते बँकेचे होते. नोट शेवटी दुसऱ्या गठ्ठ्याला चिकटलेली सापडली. घरी जाताना लक्षात आले : बँकेच्या दहा रुपयांसाठी मी साडेसातपर्यंत मोजत बसलो आणि म्हातारीच्या सतरा रुपये सत्तर पैशांसाठी मला तीन दिवसांत पाच मिनिटे मिळाली नाहीत.

दुसऱ्या दिवशी अर्ज लिहून दिला, रक्कम यथावकाश परत जमा झाली. त्यात माझा काही पराक्रम नाही. तो अर्ज पहिल्याच दिवशी लिहिता आला असता.

आपण ज्याला नगण्य म्हणतो, त्या शब्दाचा अर्थ 'लहान' असा नाहीच. जे गणायचे नाही ते नगण्य. लहान असणे हा कणाचा गुण. नगण्य ठरणे हा मोजणाऱ्याचा निर्णय. तराजू खोटे बोलत नाही, पण तोलायला बसायचे की मोजायला, हे तराजू ठरवत नाही. ते खिडकीच्या अलीकडे बसलेला माझ्यासारखा कोणीतरी ठरवतो, आणि 'किरकोळ' म्हणून मोकळा होतो.

परवा पुन्हा गिरणीत गेलो. पत्र्याच्या फटीतून उन्हाची तिरीप आली होती आणि तिच्यात पिठाचे कण नाचत होते. असल्या कणाला आपले जुने वैशेषिक त्रसरेणू म्हणत आणि त्याचा सहावा भाग म्हणजे परमाणू असे सांगत. मी उगाच मोजायला लागलो. गिरणीवाल्याने डबा काट्यावर ठेवला.

"साडेचार किलो, साहेब."

"आणि हे उडालेलं?"

"त्याचं काय धरायचं!" तो म्हणाला, आणि खोकला.