अंश आणि छेद

मृत्यूचा हिशेब मांडणे आपल्याला निर्दयपणाचे वाटते. घरातले माणूस गेले की त्या घरापुरते जगच बुडते. तेथे ‘दर हजारी किती’ हे कुणी कोणत्या तोंडाने विचारायचे?

१८५४ साली दक्षिण लंडनमध्ये पटकीची साथ आली. शेजारशेजारच्या घरांत दोन वेगळ्या कंपन्यांचे पाणी येई. एक कंपनी शहराच्या घाणीने नासलेले थेम्सचे पाणी देई, दुसरी नदीच्या वरच्या अंगाचे. डॉक्टर जॉन स्नो मृत्यू झालेल्या घरांच्या उंबरठ्यावर जाऊन विचारी, ‘तुमचे पाणी कुणाचे?’ पण नुसते मृत्यू मोजून भागेना. प्रत्येक कंपनीची एकूण घरेही हिशेबात धरावी लागली. पहिल्या सात आठवड्यांत पहिल्या कंपनीच्या दर १०,००० घरांमागे ३१५ मृत्यू झाले होते, दुसरीच्या ३७.

अपूर्णांकात आपला डोळा वरच्या अंशावर खिळतो. अर्थ मात्र खालच्या छेदाने येतो. नुसता अंश पाहणारा एक तर घाबरतो, नाही तर निश्चिंत राहतो. जेथे कुणी मेले नाही ते घरही मोजले, म्हणून दोष पाण्याचा हे दिसले. गेलेल्यांसाठी रडावे, हे खरेच; पण उरलेल्यांना वाचवायचे तर त्यांचीही मोजदाद हवी. ती टाळणे, हा अधिक मोठा निर्दयपणा नव्हे काय?