कोळंबी आणि पितृऋण

कोळंबीचे आयुष्य फार तर दोन-अडीच वर्षांचे. मादी समुद्रात लाखांनी अंडी घालते, अनेक जातींची पिल्ले खाडीत वाढतात आणि मोठी होऊन पुन्हा समुद्राकडे वळतात. असा झपाट्याने भरणारा साठा कधी आटणारच नाही, असे वाटते. पण पिल्लेच जाळ्यात गेली, तर अंडी घालायला मादी उरत नाही. म्हणून आज किती धरावे, हा प्रश्न नीतीचाही आहे.

पाण्याखालचा साठा दिसत नाही, त्याचे अनुमानच करावे लागते. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेचे कर्मचारी बंदरांवर उतरलेल्या मासळीचे नमुने घेतात, कोळंबीची लांबी मोजतात, मादीच्या पाठीच्या कवचाआडून हिरवट बीजकोश दिसतो का ते पाहतात. नैयायिक धुरावरून अग्नीचे अनुमान करतात. इथे धूर म्हणजे उतरलेली मासळी. मात्र हा हेतू, म्हणजे अनुमानाची खूण, फसवा आहे. इंजिनांची ताकद वाढली, फेऱ्या लांबल्या, तर साठा घटत असतानाही मासळी तेवढीच उतरते. न्यायशास्त्र अशा हेतूला सव्यभिचार म्हणते. म्हणूनच एकूण मासळीपेक्षा ताशी किती मिळाली, हे अधिक विश्वासाचे. तरीही शंका उरतेच. शंका आहे म्हणून धरत राहावे, हा युक्तिवाद टिकत नाही; चूक झाली तर ती भोगणारे अजून जन्मलेले नसतात.

आपल्या परंपरेत न जन्मलेल्यांच्या या काळजीला आधार पितृऋणाचा आहे. हे ऋण पितरांना परत करता येत नाही, ते पुढच्या पिढीकडेच फेडावे लागते. पूर्वजांकडून भरलेला समुद्र मिळाला, तो भरलेलाच पुढे द्यायचा. समुद्रापासून दूरच्या गावालाही हे भूजलावरून सहज कळते: एकाचे बोअर खोल गेले की शेजाऱ्याची विहीर आटू शकते.

पण ऋण सर्वांनी सारखे फेडायचे का? महाराष्ट्रात 1 जून ते 31 जुलै यांत्रिक नौकांना मासेमारीबंदी असते. ट्रॉल जाळ्याच्या शेवटच्या भागाचे आस, म्हणजे जाळ्याची छिद्रे, 40 मिलिमीटरपेक्षा लहान चालत नाहीत. जवळा मात्र इतका बारीक की त्याच्यासाठी डोल जाळ्याला बारीक आसच लागतात, आणि त्यांत इतर मासळीची पिल्लेही सापडतात. तेव्हा एकच मोजमाप सर्वांना लावणे न्यायाचे नाही. ज्याची ताकद मोठी त्याने आधी थांबावे, आणि लहान होडीवाल्याला थांबवायचे तर बंदीच्या काळात त्याच्या घरची चूल पेटती ठेवण्याची जबाबदारी शासनाची आणि कोळंबी खाणाऱ्या सर्वांची आहे.