बंद डब्याची किंमत आणि माणसाचे मोल



गेल्या महिन्यात रविवारच्या मिस्सानंतर आपल्या धर्मग्रामातील एक माऊली आम्हांला भेटावयास आल्या. त्यांचा मुलगा अमेरिकेत नोकरीला आहे. वय तिशीपुढे, अजून लग्न नाही. "फादर, हा पैसे कशावर घालवतो ठाऊक आहे? व्हिडिओ गेमवर. तेही खेळायला नाही, कपाटात ठेवायला! तुम्हीच त्याला समजवा." आम्ही त्याला फोन लावला. समजावणे बाजूलाच राहिले, आम्हांलाच विचार करावा लागला. त्याच्या परवानगीने तो विचार येथे मांडत आहोत.

तो जमवतो ते गेम हातात धरून खेळण्याचे, आणि त्यातही टीव्हीवर जोडीदार निवडण्याच्या कार्यक्रमांवर बेतलेले. अमेरिकेत २००२ साली एबीसी वाहिनीवर 'द बॅचलर' हा कार्यक्रम सुरू झाला. पहिल्या पर्वात एक तरुण आणि त्याने आपल्याला निवडावे म्हणून आलेल्या २५ तरुणी. तो गुलाब वाटतो. जिला गुलाब मिळाला ती राहते, जिला नाही तिने सामान उचलून घरी जायचे. पहिल्या पर्वात शेवटी जी जोडी जमली तिचे लग्न मात्र झाले नाही. २०१० साली या कार्यक्रमाचा व्हिडिओ गेमही निघाला, त्यात निन्टेन्डोच्या हातात मावणाऱ्या डीएस यंत्रासाठीही. असे गेम थोडे दिवस खपतात, मग अडगळीत जातात. हा मुलगा ते अडगळीतून बाहेर काढतो.

जमवणाऱ्यांच्या बाजारात एकाच गेमला तीन भाव असतात. नुसते कार्ट्रिज स्वस्त, डबा व माहितीपुस्तिका असेल तर त्याहून जास्त, आणि कंपनीचे वेष्टनही न फाडलेला डबा सर्वांत महाग. असे डबे तपासून त्यांना १० पैकी गुण देणाऱ्या व पारदर्शक पेटीत बंद करून देणाऱ्या कंपन्या आहेत. जुलै २०२१ मध्ये 'सुपर मारिओ ६४' या १९९६ सालच्या गेमचा असा एक डबा लिलावात १५ लाख ६० हजार डॉलरला गेला. 'बॅचलर'च्या डब्याला त्याच्या जवळपासही कोणी देणार नाही, पण हिशेब तोच. ज्याला कोणी हात लावला नाही त्याला भाव, आणि ज्याच्याशी एखादे मूल मनसोक्त खेळले ते कवडीमोल.

हे पाप आहे का? छंद म्हणून नाही. आपल्यापैकी अनेकांनी पोस्टाची तिकिटे आणि संतांची चित्रे जमवली आहेत. सगळ्यांनी टाकून दिलेली वस्तू कोणी जपली, तर त्या काळाची एक खूण शिल्लक राहते. खर्च आपल्या ऐपतीत असावा आणि घरच्यांच्या व गरिबांच्या वाट्याला हात लागू नये, एवढे पाहिले की पुरे. पण मुलाच्या मनात सलत होते ते वेगळेच.

शेजारच्या एका वृद्ध बाईंनी घरातील जुने सामान अंगणात विकायला मांडले होते. त्यातली गेमची एक पेटी त्याने १० डॉलरला घेतली. तळाशी एक न उघडलेला डबा होता. त्याचा बाजारभाव या रकमेच्या कितीतरी पट आहे, हे त्याला पाहताक्षणी कळले होते. त्या बाईंना ते ठाऊक नव्हते. "फादर, मी फसवले का?"

संत थॉमस अक्वायनस यांनी हा प्रश्न तेराव्या शतकातच हाताळला आहे. विकणारा सोने पितळ समजून विकत असेल आणि घेणाऱ्याला ते सोने असल्याचे ठाऊक असेल, तर तो व्यवहार अन्यायाचा असून त्याने भरपाई केली पाहिजे, असे ते म्हणतात. पण ते दुसरेही एक उदाहरण देतात. महागाईच्या गावी धान्य घेऊन आलेल्या व्यापाऱ्याला, मागून आणखी धान्य येत आहे हे ठाऊक आहे. ते त्याने सांगितले नाही तर न्यायाचा भंग होत नाही. सांगितले तर मात्र तो अधिक सद्गुणी ठरतो.

आपला मुलगा कोठे बसतो? बाईंनी गेम म्हणूनच गेम विकला. सोन्याचे पितळ झाले नव्हते, फक्त भाव ठाऊक नव्हता. म्हणून ही चोरी आहे असे आम्ही म्हटले नाही. पण चोरी नाही एवढ्यावर ख्रिस्ती माणसाने समाधान मानावे काय?

यावर तो हसून म्हणाला, "शुभवर्तमानातल्या माणसाला शेतात ठेव सापडली. त्यानेही गुपचूप शेत विकत घेतलेच ना?" आम्ही म्हटले, "बाबा रे, तो दाखला स्वर्गराज्यासाठी सर्वस्व देण्याचा आहे, घासाघीस शिकवण्याचा नाही. शिवाय त्याने होते नव्हते ते सगळे विकले होते. तू १० डॉलर दिलेस."

तो गप्प झाला. मग म्हणाला, "खरे सांगू? त्या क्षणी मला त्या बाई दिसल्याच नाहीत. डबाच दिसला."

बंधू-भगिनींनो, सगळा प्रश्न या वाक्यात आहे. संत ऑगस्टीन यांनी 'देवाचे नगर' या ग्रंथात दाखवून दिले आहे की निर्मितीच्या क्रमात माणूस वर असला, तरी बाजारात दासीपेक्षा रत्नाला जास्त पैसे पडतात. तत्त्वज्ञ कांट यांनी १७८५ साली हाच भेद स्पष्ट केला. ज्याच्या जागी दुसरे काही ठेवता येते त्याला किंमत असते. माणसाच्या जागी दुसरे काही ठेवता येत नाही, म्हणून त्याला किंमत नसते, प्रतिष्ठा असते.

आम्ही त्या गुलाबांच्या कार्यक्रमावर टीका करणार, तेवढ्यात तो म्हणाला, "फादर, घरून तीन मुलींचे फोटो आले आहेत. प्रत्येकीखाली उंची, रंग, पगार. मला डब्यांवरचे गुणच आठवले."

आम्हांला उत्तर सुचले नाही. स्थळे पाहणे वाईट नाही. आपल्या आईवडिलांची लग्ने तशीच झाली आणि प्रेमाने टिकली. पण किती घरी मुलगी पाहून आल्यावर साधा निरोपही पाठवला जात नाही! टीव्हीवर निदान तोंडावर तरी सांगतात. विवाह-संस्कारात आपण बंद डबा स्वीकारत नाही. चुकलेले, दुखावलेले, जगलेले माणूस स्वीकारतो, आणि तेही आपल्याला तसेच स्वीकारते. प्रभूने कोणाला गुण पाहून बोलावले असते, तर आपल्यापैकी कोण आज मिस्साला आला असता?

तो मुलगा शेजारच्या बाईंकडे गेला की नाही, ते आम्हांला अजून कळलेले नाही. या आठवड्यात आपणही आठवून पाहू या, कोणत्या व्यवहारात आपल्याला समोरचे माणूस दिसले नाही, फक्त डबा दिसला. आणि ज्या घरी आपला निरोप अजून पोहोचलेला नाही, तेथे तो नम्रपणे पोहोचवू या.

प्रभू आपणां सर्वांस आशीर्वाद देवो.

आपले धर्मगुरू