जाळ्यातली पाखरं

हिवाळ्यात पहाटेच हतनूरच्या फुगवट्यावर मच्छीमार जाळी ओढायला निघतात. भुसावळजवळ तापीवर हे धरण आहे, आणि तापी-पूर्णेचा संगमही याच पाण्यात आहे. आदल्या संध्याकाळी सोडलेलं तंगुसाचं जाळं रात्रभर पाण्यात उभं असतं. वर थर्माकोलचे तुकडे, खाली वजनं, मधे नजरेला न दिसणारी भिंत. रोहू-कटल्याचं डोकं आत शिरतं आणि कल्ल्यापाशी फास बसतो. कधी मात्र जाळं ओढता ओढता हाताला ओली पिसं लागतात.

हा धोका आहे तो बुडी मारणाऱ्या पाखरांना. मोठी लालसरी मध्य आशियातून हिमालय ओलांडून येते आणि हतनूरला तिचे थवे उतरतात. पाणवनस्पती खायला ती तळापर्यंत जाते. पाणकावळा माशामागे पाण्याखाली पोहत सुटतो, टिबुकलीचा तर दिवसच बुड्या मारण्यात जातो. हळदी-कुंकू बदक शेपूट वर करून नुसती मान बुडवतं, म्हणून ते बरंचसं वाचतं. बुडी मारलेल्या पाखराजवळ श्वास असतो थोड्या क्षणांचा. पंख गुंतला की ते धडपडतं, धडपडीनं फास आणखी आवळतो, आणि पाण्यावर जगणारा जीव पाण्यातच गुदमरून मरतो.

मच्छीमाराला हे पाखरू नकोच असतं. ते सोडवताना जाळं फाटतं, सकाळ वाया जाते. त्यामुळे या मरणाला शिकार म्हणता येत नाही, आणि शिकार नाही म्हणून ते लिहून ठेवावं असं कुणाच्या मनात येत नाही. मला खरी काळजी या न लिहिण्याची वाटते.

खान्देशाला समुद्र नाही, पण हा हिशेब समुद्रावर मांडला गेला आहे. 2013 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाच्या अंदाजानुसार अशा उभ्या जाळ्यांत जगभरात दरवर्षी निदान 4 लाख समुद्रपक्षी मरतात. मैलोगणती लांब दोरीला हजारो गळ लावून मासेमारी होते, तिच्यात आणखी किमान 1 लाख 60 हजार. भटका अल्बाट्रॉस दोन वर्षांतून एकदा, एकच अंडं घालतो. पिल्लू वाढवायला आई-बाप दोघंही लागतात. एक गळाला लागला की घरट्यातलं पिल्लूही उपाशी मरतं. अशा जातीत वर्षाला थोडी मोठी पाखरं गेली तरी तोटा पिढ्यान्‌पिढ्या भरून निघत नाही. बदकं एका वेळी आठ-दहा अंडी घालतात, ती लवकर सावरतात. तरीही छोटी लालसरी जगभर घटते आहे. 2015 पासून तिची गणना संकटग्रस्त जातींत होते.

उपाय निघतो, हे नामिबियानं दाखवलं. गळ सोडताना होडीमागे रंगीत फितींची दोरी फडफडत ठेवायची, म्हणजे पाखरं बिचकून गळांपासून लांब राहतात, एवढीच युक्ती. वॉल्विस बेच्या बायका या दोऱ्या तयार करतात. नियम सक्तीचा झाल्यावर तिथल्या गळांच्या मासेमारीत पक्ष्यांचे मृत्यू 98 टक्क्यांनी घटले, आणि मासेमारी चालूच राहिली.

उभ्या जाळ्याला इतका सोपा तोडगा अजून सापडलेला नाही. पण थवे जिथे चरतात त्या उथळ, वनस्पतींच्या पट्ट्यात नोव्हेंबर ते मार्च जाळं लावू नये, हे जमण्यासारखं आहे. फाटकं जाळं पाण्यात टाकू नये, हे तर आजपासून जमेल. तंगूस कुजत नाही. धनी विसरला तरी ते जाळं धरतच राहतं.

दर जानेवारीत आशियाई पाणपक्षी गणना होते. तिच्यात मोजली जातात ती जिवंत पाखरं. पक्षीमित्रांनो, हतनूर असो की धुळ्याचे नकाणे, डेडरगाव तलाव, दुर्बीण बाजूला ठेवून एक सकाळ मच्छीमार सोसायटीत जाऊन बसा. भोई बांधवांना या पाण्याची जेवढी माहिती आहे तेवढी आपल्यापैकी कुणालाच नाही. कुठल्या भागात, कुठल्या महिन्यात, कोणतं पाखरू जाळ्यात येतं, हे त्यांना दोष न देता विचारा. आणि येत्या जानेवारीत आपल्या नोंदीच्या कागदावर जाळ्यात मेलेल्या पाखरांसाठी एक रकाना वाढवा.