पिकअप बदललेली गिटार तीच का?

इलेक्ट्रिक गिटारचा पिकअप म्हणजे चुंबकाभोवती तांब्याच्या बारीक तारेचे हजारो वेढे. वरची पोलादी तार कंपते तेव्हा चुंबकीय प्रवाह बदलतो आणि वेढ्यांत वीज उपजते. स्पीकरमधून ऐकू येतो तो आवाज याच विजेतून घडतो. म्हणून पिकअप बदलला की आवाज बदलतो. आणि ज्या आवाजासाठी वाद्य घेतले तोच बदलला, तर वाद्य तेच कसे म्हणायचे?

न्याय-वैशेषिक तत्त्वज्ञांचे उत्तर कडक आहे. अवयवी, म्हणजे भागांनी बनलेली पूर्ण वस्तू, हे अवयवांहून वेगळे द्रव्य. कापडातला एक धागा निघाला की जुने कापड नष्ट होते आणि नवे ‘खंडपट’ उपजते. या हिशेबाने एक स्क्रू काढला तरी गिटार नवी. मत तर्काला धरून आहे, पण व्यवहार त्याने चालत नाही. ‘मिलिंदपञ्ह’ या बौद्ध ग्रंथात भिक्खू नागसेन उलट टोकाला जातात: आस, चाके, जू यांपैकी काहीच रथ नव्हे, रथ हे व्यवहारापुरते नाव.

गिटारवादक डेव्हिड गिलमोर यांनी १९७० मध्ये घेतलेल्या काळ्या स्ट्रॅटोकास्टर गिटारची मान अनेकदा बदलली, ब्रिजजवळचा पिकअपही बदलला. तरी २०१९ च्या लिलावात ती ३९ लाख ७५ हजार डॉलरना गेली. तिथे मोल होते अखंड वापराच्या इतिहासाला, सुट्या भागांना नव्हे. गिब्सनच्या १९५० च्या दशकाअखेरच्या ‘हंबकर’ पिकअपांचे मात्र उलट: ते जुन्या गिटारमधून काढून दुसऱ्या गिटारमध्ये बसवले जातात. नाव लाकडापाशी राहते, आवाज पिकअपबरोबर जातो. जहाजाच्या फळ्या एकेक करून बदलल्या आणि काढलेल्या फळ्यांतून दुसरे जहाज बांधले तर खरे कोणते, हा तत्त्वज्ञ हॉब्जचा प्रश्न इथे रोजचा आहे.

त्यामुळे पिकअप निवडण्याआधी काय राखायचे ते ठरवावे लागते. एकाच वेटोळ्याच्या ‘सिंगल कॉइल’ पिकअपची धार हवी तर विजेची गुणगुण सोसावी लागते. हंबकरची दोन उलट वेटोळी गुणगुण मारतात, पण धारही थोडी बोथट करतात. ब्रिजजवळ तारेचे कंपन लहान, म्हणून तिथल्या पिकअपला बहुधा जास्त वेढे देतात. खोक्यावरच्या किलो-ओहमच्या आकड्यावर भिस्त ठेवणे मात्र भाबडेपणाच. वेढ्यांची तार अधिक बारीक घेतली तर तेवढ्याच वेढ्यांत रोध वाढतो, आणि चुंबकाबद्दल तो आकडा काहीच सांगत नाही.

जुना पिकअप जपून ठेवून पुन्हा जोडला, तर वादकाच्या लेखी मूळ गिटार परत आली. जुन्या गिटारांचे संग्राहक तसे मानत नाहीत. कारखान्यातला डाख एकदा वितळला की, आवाज जसाच्या तसा असला तरी, किंमत उतरते. याबाबतीत ते नकळत नैयायिकांच्या पक्षात बसतात.