आधी नाव पटावर घ्या

कोल्हापूरजवळच्या वळिवडे गावात १९४३ ते १९४८ या काळात सुमारे ५,००० पोलिश निर्वासित राहत होते. सोव्हिएत हद्दपारीतून वाचून आलेल्या या लोकांत बायका-मुलेच अधिक. मायदेशी कधी परतता येईल याची खात्री नव्हती, तरी छावणीत पोलिश शाळा भरत होत्या. पुढे स्वतंत्र भारतानेही तिबेटी मुलांच्या शाळांसाठी १९६१ मध्ये खास संस्था स्थापन केली.

आज कायदा त्याहून भक्कम आहे. भारताने १९५१ च्या निर्वासित करारावर सही केलेली नाही, हे खरे. पण २००९ चा शिक्षण हक्क कायदा ६ ते १४ वयाच्या प्रत्येक मुलासाठी आहे. त्यात नागरिकत्वाची अट नाही. कलम १४ नुसार वयाचा पुरावा नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही.

मग अडते कुठे? प्रवेशाच्या टेबलापाशी. तिथे आधार, जन्मदाखला, आधीच्या शाळेचा दाखला मागतात. रातोरात घर सोडून पळालेल्या आईच्या पिशवीत फार तर संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित संस्थेचे कार्ड असते.

रोहिंग्या मुलांचा असाच प्रश्न सर्वोच्च न्यायालयात गेला. मुलांनी आधी सरकारी शाळेत जावे, नाकारल्यास उच्च न्यायालयात दाद मागावी, असे न्यायालयाने फेब्रुवारी २०२५ मध्ये सांगितले. भंगार वेचून पोट भरणाऱ्या बापाने लेकीच्या पहिलीच्या प्रवेशासाठी हायकोर्टाची पायरी कशी चढावी?

मिझोरामने ही वेळ येऊ दिली नाही. म्यानमारमध्ये फेब्रुवारी २०२१ मध्ये लष्कराने सत्ता बळकावली आणि हजारो लोक सीमा ओलांडून आले. ऑगस्टमध्ये राज्याच्या शिक्षण विभागाने अधिकाऱ्यांना पत्र धाडले: शिक्षण हक्क कायद्याच्या कलम ४ चा आधार घेऊन या मुलांना शाळेत घ्या. नवा कायदा करावा लागला नाही.

‘आपल्याच मुलांना पुरत नाही, त्यात ही कुठून?’ हा सवाल पालक करतात. शिक्षक कमी आहेत, वर्ग गच्च भरलेत. त्यांची तक्रार खोटी नाही. पण ती सरकारकडे करायची असते, दारात उभ्या असलेल्या सात वर्षांच्या पोरीकडे नव्हे. आईबापांनी सीमा कशी ओलांडली याचा निवाडा सरकार करील. तिचे बुडालेले वर्ष मात्र कोणताच निकाल परत देऊ शकत नाही.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातल्या वंचित गटांत स्थलांतरित आणि अनाथ मुले आहेत. निर्वासित मुलांचाही तिथे स्पष्ट उल्लेख व्हावा. तोवर प्रत्येक राज्याने मिझोरामसारखे पत्र काढावे आणि मुख्याध्यापकांनी मुलाचे नाव आधी पटावर घ्यावे, कागद मागाहून तपासावेत.